गाडीचा शाळा सोडल्याचा दाखला

रस्त्यात एमजी हेक्टर दिसली की ती गुजरातेत हलोलला बनते, हे आपल्यातल्या गाडीशौकिनांना लगेच आठवते. नावातली ‘एमजी’ ही अक्षरे मात्र फार जुनी आहेत. ती ‘मॉरिस गॅरेजेस’ची आद्याक्षरे. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांची गाड्या विकण्याची आणि दुरुस्तीची पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखणी, चपळ बांधणी चढवून त्या विकायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी उभी राहिली. १९२९ मध्ये कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात, एका चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या जागेत गेला. पुढची पन्नास वर्षे त्या लहानशा गावातून जगभर स्पोर्ट्‌स कार गेल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला.

बंद पडलेल्या कारखान्यातून जे वाचते, म्हणजे पाट्या, विटा, हत्यारे, साचे, वह्या, ते विकून मोटारींचा इतिहास जपायला पैसा कसा उभा राहतो, हा या लेखाचा विषय. शाळेच्या स्मरणिकेत हे कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या शाळेची वर्कशॉपची जुनी शेड आता पाडली जाणार आहे. तिच्यातले सामान विकून जे पैसे येतील ते नव्या इमारतीच्या निधीत घालावेत, अशी सूचना आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तिला पुष्कळ अंगठे मिळाले. मीही त्या सूचनेच्या बाजूने आहे. पण विकायचे म्हणजे नेमके काय विकायचे आणि काय नाही, याबद्दल दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या बॅचमधून टेक्निकल घेतलेल्यांपैकी मी एक. पुढे डिप्लोमा केला आणि सारी नोकरी टूलरूममध्ये, पत्र्याच्या डायच्या संगतीत गेली. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतल्यावर पुण्या-मुंबईकडचे बरेच इंजिनिअर इंग्लंडला जाऊ-येऊ लागले. माझीही काही वर्षे वॉरिकशायरमधल्या गेडनच्या आसपास गेली. गेडनला हवाई दलाची एक जुनी धावपट्टी आहे. तिच्या एका बाजूला आज गाड्यांची चाचणी आणि डिझाइनची केंद्रे आहेत, आणि शेजारीच ब्रिटिश मोटर म्युझियम. १९९३ मध्ये ते ‘हेरिटेज मोटर सेंटर’ या नावाने सुरू झाले. तिथे तीनशेहून अधिक गाड्या आहेत. शनिवारी दुसरे काही काम नसले की मी तिथे जाई.

त्या म्युझियममध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातले हर्बर्ट ऑस्टिन यांचे ऑफिस आणून मांडलेले आहे. बर्मिंगहॅमजवळचे लाँगब्रिज म्हणजे ब्रिटिश मोटार धंद्याची पंढरीच. १९०५ मध्ये ऑस्टिन यांनी एका बंद छापखान्याच्या जागेत तो कारखाना काढला. १९५९ मध्ये जगासमोर आलेली पहिली मिनी तिथलीच. एप्रिल २००५ मध्ये तो चालवणारी एमजी रोव्हर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे सहा हजार माणसे घरी बसली. त्याच वर्षी चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलने मालमत्ता विकत घेतली आणि यंत्रे जहाजाने चीनला रवाना झाली. कारखान्याच्या बऱ्याच भागावर आता घरे, दुकाने, कॉलेज आणि बाग आहे. हेक्टरवरचे ‘एमजी’ आपल्याकडे आले ते याच वाटेने.

अशा ठिकाणी बाहेर पडणाऱ्या वस्तूंची विक्री मी जवळून पाहिली. तिचे मला तीन प्रकार दिसले.

पहिला प्रकार आठवणींच्या वस्तूंचा. दारावरची पितळी पाटी, कामगारांचे हजेरीचे बिल्ले, भिंतीवरचे घड्याळ, पाडलेल्या भिंतीची वीट. ॲबिंग्डन बंद झाल्यावर तिथले सामानसुमान लिलावात निघाले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत सुट्या भागांचा जो बाजार भरतो, त्यात अशा चिजा आजही हातोहात जातात. तिथे एक गोष्ट चटकन कळते. नुसत्या विटेला कोणी फारसे विचारत नाही. तीच वीट कोणत्या शेडची, कोणत्या साली काढली, कोणी काढली, याची चिठ्ठी सोबत असली की किंमत येते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्या चिठ्ठीसाठी. वीट तर कोणीही कुठूनही आणू शकतो.

हे उलट बाजूने पाहायचे तर अमेरिकेत डेट्रॉइटला जावे लागेल. पॅकार्ड ही एके काळची तिथली अतिशय प्रतिष्ठेची गाडी. १८९९ मध्ये ओहायोतल्या वॉरन गावी पॅकार्ड बंधूंनी पहिली गाडी बनवली आणि १९०३ मध्ये कंपनी डेट्रॉइटला गेली. तिथल्या ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या तिच्या कारखान्याचे वास्तुविशारद होते अल्बर्ट कान. त्यांनी १९०५ मध्ये बांधलेली दहा नंबरची इमारत प्रबलित काँक्रीटच्या कारखाना-बांधणीतला एक मैलाचा दगड मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनांचे उत्पादन पॅकार्डने परवान्यावर केले आणि पन्नास हजारांहून अधिक इंजिने बनवली. १९५६ मध्ये डेट्रॉइटमधले गाड्यांचे काम थांबले आणि दोन वर्षांनी पॅकार्ड हे नावही संपले.

पुढे काही दशके त्या इमारतींत लहान-मोठे धंदे चालले. नंतर त्या ओस पडल्या आणि भंगारचोर शिरले. तांब्याच्या तारा, नळ, लोखंडी तुळया, जे कापता येईल ते कापून नेले. आगी लागल्या. म्हणजे विक्री तिथेही झालीच, वर्षानुवर्षे झाली, पण ती किलोवर. त्यातला एक पैसाही पॅकार्डच्या इतिहासाच्या कामी आला नाही. २०१३ मध्ये कर थकल्यामुळे झालेल्या लिलावात तो सारा पसारा ४ लाख ५ हजार डॉलरना गेला. २०१९ मध्ये रस्त्यावरून जाणारा, कारखान्याचे दोन भाग जोडणारा प्रसिद्ध पूल कोसळला. शेवटी पाडकाम २०२४ च्या अखेरीस उरकले.

याच कारखान्याची एक भिंत मात्र चांगल्या किमतीला गेली. २०१० मध्ये बँक्सी या निनावी चित्रकाराने तिथल्या पडक्या भिंतीवर रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला एक मुलगा रंगवला. डेट्रॉइटच्या एका कलादालनाच्या मंडळींनी तेवढा भिंतीचा तुकडा कापून नेला. मालकीवरून वाद झाला, तो मिटला, आणि २०१५ मध्ये बेव्हर्ली हिल्समधल्या लिलावात त्या तुकड्याला १ लाख ३७ हजार ५०० डॉलर आले. सबंध कारखान्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! चित्रकाराचे नाव होते म्हणून भिंत विकली गेली. तिच्याआड पन्नास वर्षे गाड्या बनवणाऱ्या हजारो माणसांचे नाव कुठे लावलेले नव्हते, त्यामुळे बाकीच्या भिंती मलबा म्हणून गेल्या. पॅकार्डचा वारसा आज टिकला आहे तो दुसरीकडे. वॉरनला संग्रहालय आहे, आणि डेट्रॉइटच्या उत्तरेला कंपनीचे जुने चाचणी मैदान हौशी लोकांच्या एका फाउंडेशनने सांभाळले आहे.

तर पहिल्या प्रकाराची मर्यादा ही. चिठ्ठी असली तरी वीट एकदाच विकता येते. शंभर विटा असतील तर शंभर वेळा, आणि मग संपले.

दुसरा प्रकार माझ्या धंद्याचा, म्हणून जरा जास्त सांगतो. पत्र्याचा एक मडगार्ड काढायला एक डाय पुरत नाही. पहिली डाय पत्रा ओढून खोल आकार देते, दुसरी कडा छाटते, तिसरी कडा दुमडते, चौथी भोके पाडते. एका गाडीच्या सांगाड्याला अशा कितीतरी डाय लागतात, आणि मोठ्या डायचे वजन टनांत असते. गाडी बंद झाली की या डाय जागा अडवू लागतात. कास्ट आयर्नला भंगारात भाव बरा येतो. त्यामुळे हिशेब पाहणाऱ्याला त्या वितळवणेच शहाणपणाचे वाटते, आणि कागदावर ते बरोबरही असते.

एमजीबी ही ॲबिंग्डनची सगळ्यात खपलेली गाडी. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून अधिक बनल्या. तिचा सांगाडा ॲबिंग्डनला घडत नसे. पत्र्याचे काम स्विंडनच्या प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात होई आणि ॲबिंग्डनला जुळणी. गाडी बंद झाल्यावरही हजारो मालक ती चालवत राहिले. इंग्लंडच्या पावसात आणि रस्त्यांवर टाकलेल्या मिठात इंजिन टिकते, पण पत्रा गंजतो. चालू इंजिन आणि कुजलेला सांगाडा, अशी या गाड्यांची अवस्था झाली.

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी त्या काळी मोटार-वारसा ट्रस्टच्या छत्राखाली होती. तिच्या माणसांनी जिथे जिथे एमजीबीच्या मूळ डाय आणि जिग उरल्या होत्या त्या शोधून गोळा केल्या. त्यांची डागडुजी केली, ज्या मिळाल्या नाहीत त्या नव्याने केल्या, आणि १९८८ मध्ये फॅरिंग्डन इथे एमजीबीचे कोरे सांगाडे पुन्हा बनू लागले. गाडी बंद होऊन तोवर आठ वर्षे झाली होती. मालकाने सांगाडा विकत घ्यायचा आणि आपल्या गाडीचे इंजिन, चाके, काचा त्यात बसवायच्या. पुढे मिजेट, मिनी आणि ट्रायम्फच्या काही गाड्यांचेही सांगाडे निघाले. या सांगाड्याचा आधार घेऊन रोव्हर कंपनीने १९९२ मध्ये ‘एमजी आरव्ही८’ नावाची नवी गाडीच काढली. ती सुमारे दोन हजारच बनली आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. हेरिटेज कंपनी आता स्वतंत्र आहे आणि सांगाडे आजही बनवते.

डाय वितळवली असती तर पैसे एकदाच आले असते. ती ठेवली, तिला तेलपाणी केले, म्हणून ती वर्षानुवर्षे कमावत राहिली. शिवाय हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या. काचेमागे ठेवलेल्या एका गाडीपेक्षा रस्त्यावर धावणाऱ्या हजार गाड्या इतिहास जास्त चांगला सांगतात, असे मला वाटते. फक्त या प्रकाराला कारागीर लागतात, जागा लागते आणि धंद्याची धमक लागते. सगळ्यांना ते जमण्यासारखे नाही.

तिसरा प्रकार पाहून मात्र मी थक्क झालो, कारण त्याला यातले काहीच लागत नाही. गेडनच्या म्युझियममागचा ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट १९८३ मध्ये धर्मादाय संस्था झाला. त्याच्या अभिलेखागारात जुन्या कारखान्यांच्या उत्पादनाच्या नोंदवह्या आहेत. शेडमधून गाडी बाहेर पडली की कारकुनाने एक ओळ लिहायची: चासिस नंबर, इंजिन नंबर, रंग, आतल्या गाद्यांचा रंग, बनल्याची तारीख, कोणत्या विक्रेत्याकडे किंवा कोणत्या देशात पाठवली. मॉरिस, एमजी, रोव्हर, ट्रायम्फ अशा कितीतरी नावांच्या वह्या. त्या काळी त्या कोणाला मौल्यवान वाटल्या नसतील. दिवाळखोरीच्या यादीत यंत्राला किंमत लावतात, इमारतीला लावतात. वहीला कोण लावणार?

आता जगभरातले मालक आपल्या गाडीचा चासिस नंबर कळवतात, ठरलेली फी भरतात आणि ट्रस्ट त्या ओळीवरून एक छापील प्रमाणपत्र पाठवतो. तुमची गाडी अमुक दिवशी बनली, तेव्हा तिचा रंग हिरवा होता, ती अमुक बंदराकडे रवाना झाली. एमजीबीचा मोठा हिस्सा अमेरिकेला गेला, त्यामुळे तिकडून भरपूर मागणी असते. मालकाला मूळ रंग कळतो, इंजिन मूळचेच आहे का ते कळते, आणि विकताना गाडीला चार पैसे जास्त मिळतात. म्हणून तो फी आनंदाने भरतो. संग्रह सांभाळायला जो पैसा लागतो, त्याला हा हातभार.

हे पहिल्यांदा समजले तेव्हा मला आपल्या शाळेचे ऑफिस आठवले. हेडक्लार्क मोठे जनरल रजिस्टर उघडत, नंबर शोधत आणि त्यावरून दाखला लिहून देत. जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख, वर्तणूक चांगली. गेडनचे प्रमाणपत्र म्हणजे गाडीचा शाळा सोडल्याचा दाखलाच! दाखला कितीही जणांना दिला तरी रजिस्टर संपत नाही. कारखान्यातली वस्तू एकदा विकता येते, तिच्यामागची नोंद मात्र रोज विकता येते आणि तरी ती आपल्याकडेच राहते. ज्या गाड्यांच्या वह्या हरवल्या किंवा जळल्या, त्यांच्या मालकांना मात्र कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी दाखला मिळत नाही.

आणखी एक फरक इथे नोंदवायला हवा. लाँगब्रिज २००५ मध्ये बुडाले तेव्हा गेडनच्या गाड्या आणि वह्या त्यात बुडाल्या नाहीत, कारण त्यांची मालकी वेगळ्या ट्रस्टकडे होती. स्वीडनमध्ये साबचे नशीब एवढे चांगले नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये साब मोटार कंपनी दिवाळखोर झाली आणि ट्रोल्हेटान गावातल्या तिच्या म्युझियमच्या गाड्याही मालमत्तेत धरल्या गेल्या. महिन्याभरातच त्या विक्रीला निघाल्या. सुटी गाडी घ्यायला जगभरचे शौकीन टपले होते. पण गावची नगरपालिका, विमाने बनवणारी साब कंपनी आणि वॉलेनबर्ग घराण्याचा एक न्यास अशा तिघांनी मिळून २ कोटी ८० लाख क्रोनरला सबंध संग्रह उचलला आणि तो गावातच ठेवला. सुट्या विकल्या असत्या तर बेरीज कदाचित जास्त आली असती, पण त्यातून साबचा इतिहास वजा झाला असता. ओळीने उभ्या असल्या तर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंतची वाट दिसते. विखुरल्या की नुसत्या जुन्या गाड्या.

आता घराजवळ येऊ. आपल्या वर्गात निदान चार-पाच जणांचे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे फियाटच्या परवान्यावर आपली फियाट आली आणि १९७० च्या दशकात तिचीच ‘पद्मिनी’ झाली. नंबर लावून गाडीची वाट पाहण्याचे ते दिवस. आपण शाळेत असताना ज्यांच्या बाबांच्या खिशावर प्रीमियरचा बिल्ला असे, त्यांचा वर्गात काय रुबाब होता! सहस्रक उलटता उलटता पद्मिनी बंद झाली. कुर्ल्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढे उरले आहे.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी टॅक्सी जपून ठेवा, अशी मागणी तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. मला मात्र प्रश्न पडला तो गाडीचा नव्हता. हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी पुष्कळ आहेत. कुर्ल्यातून कोणती गाडी कोणत्या दिवशी कोणत्या रंगात बाहेर पडली, त्या पाळीला रंगकामाला कोण होते, ते लिहिलेले पान आज मागितले तर कोण काढून देईल? असा दाखला मिळत असता तर पद्मिनी जपणारा प्रत्येक माणूस तो विकत घेता, आणि त्या पैशांतून टॅक्सीच काय, अख्खे दालन उभे राहते.

आता आपली शेड. परवा मी आणि टेक्निकलचे दोघे मित्र मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आत जाऊन आलो. चार लेथ आहेत, त्यांतली दोन अजून फिरतात. दोन ऐरणी, हाताने फिरवायचा भट्टीचा पंखा, बाकांना जखडलेले व्हाइस, खोकाभर कानशी, भिंतीला टांगलेल्या करवती. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर अजून वाचता येतो. कोपऱ्यातल्या कपाटात डेडस्टॉक रजिस्टर आहे. त्यात नंबरनिशी प्रत्येक वस्तू कधी, कोणाकडून, किती रुपयांना घेतली ते सरांच्या अक्षरात आहे. त्याच कपाटात जॉबच्या नोंदवह्या आहेत: विद्यार्थ्याचे नाव, जॉब, माप, गुण. खालच्या खणातल्या काही वह्यांना वाळवी लागली आहे. भंगारवाला शेडचा उक्ता भाव देणार आहे. त्यात हे कपाट आतल्या कागदांसकट धरलेले आहे.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या दिवशी होणाऱ्या बैठकीपुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक, उक्ता सौदा करण्याआधी रजिस्टरे आणि जॉबच्या वह्या बाहेर काढाव्यात, पानन्‌ पान स्कॅन करावे आणि मूळ वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. स्कॅनिंगचे काम मी आणि माझे मित्र करू. त्याचा खर्च निधीतून नको.

दोन, निर्लेखनाची रीतसर मंजुरी मिळाली की सामान भंगारात न देता आधी माजी विद्यार्थ्यांना द्यावे. व्हाइस, कानशी, हातोडे, टी-स्क्वेअर यांना रजिस्टरमधल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत जोडावी. ज्या व्हाइसवर आपण तीन वर्षे हात दुखेपर्यंत कानस घासली, तो नंबरनिशी मिळत असेल तर आपल्यातला कोणी भंगाराचा भाव देणार नाही, याची मला खात्री आहे. उरेल ते भंगारात जाऊ द्या. सगळेच ठेवायचे म्हटले तर नवी इमारत कशी होणार?

तीन, चालू असलेले दोन लेथ, एक ऐरण आणि पंखा विकू नयेत. नव्या इमारतीत एक खोली त्यांना मिळावी आणि मुलांचे हात त्यांना लागावेत. फॅरिंग्डनच्या डायसारखे ते वापरात राहिले तरच टिकतील. आपल्यातले टर्नर, फिटर, इंजिनिअर आळीपाळीने शनिवारी शिकवायला येऊ शकतात. मी माझे नाव पहिले देतो.

चार, जॉबच्या वहीतल्या आपल्या नोंदीची छापील प्रत ज्याची त्याला, ठरावीक देणगी घेऊन द्यावी. प्रत्येकाला फक्त स्वतःचीच नोंद. ज्यांना गुण कमी होते त्यांच्याकडून देणगी दुप्पट घ्यावी, म्हणजे निधी लवकर भरेल. हा पैसा माजी विद्यार्थी संघाच्या वेगळ्या खात्यात, फक्त या वर्कशॉपसाठी राहावा. इमारतीच्या ठेकेदाराच्या बिलात तो मिसळू नये.

ही कामे मोठी नाहीत. पण क्रम महत्त्वाचा आहे: आधी वही, मग वस्तू, मग शेड. पाडकामाची तारीख ठरायच्या आत कपाट उघडायला हवे. ज्यांना यात हात घालायचा आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी चहाच्या सुट्टीत शेडच्या दाराशी भेटावे. सोबत मऊ ब्रश, सुती हातमोजे आणि नाकाला बांधायला रुमाल आणावा. धूळ भरपूर आहे.